पाठराखीण हन्नाबाई

४ नोव्हेंबर, मंगळवार

ही डायरी नमीनं दिली. नमी म्हणजे नम्रता, माझी नात, योगेशची मुलगी. तिच्या कंपनीची आहे, मागच्या वर्षीची. छापलेल्या तारखा खोडून मी माझ्या घालते आहे. म्हणाली, "आजी, रोज चार ओळी लिहीत जा. लग्नानंतर नोंदणीच्या ऑफिसात साक्षीदार म्हणून तुझी सही घेणारे मी. अंगठा लावलास तर बघ."

मी तिसरीपर्यंत शिकले, तिकडे लोणारजवळ आमच्या गावी. मग धाकटा भाऊ झाला, त्याला सांभाळायला घरी बसले ती बसलेच. वाचता येतं, पण हात लिहायला कचरतो. हे होते तोवर सगळीकडे यांचीच सही. दुर्गाबाईला कोणी पेन दिलं नाही, मी मागितलंही नाही. आता म्हातारपणी नात साक्षीला बोलावते. केवढा मान आहे हा!

लग्न तीस तारखेला. मुलगा अभिनव, कर्वेनगरचा. बघायला आला तेव्हा पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले. मला तिथंच पसंत पडला.

७ नोव्हेंबर

चार ओळी रोज होत नाहीत. गुडघ्याला शेक, भाजी निवडणं, त्यात जयाची, म्हणजे सुनेची, लग्नाची खरेदी.

पण आज गंमत झाली. नमी घरूनच काम करते, वारज्यात, आमच्या मागच्या खोलीत. मला वाटायचं बँकेचं काहीतरी असेल. आज दुपारी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. तर काय, इंग्लंडातल्या कुठल्याशा खेड्याच्या चर्चमधल्या लग्नाच्या वह्या! दोन-अडीचशे वर्षं जुन्या. तिकडचे लोक पानांचे फोटो काढून पाठवतात आणि नमी ते वाचून टाइप करून देते. त्यांना म्हणे आपले खापरपणजे शोधायचे असतात. म्हटलं, माझ्या सासूबाईंना सगळे तोंडपाठ होते, कॉम्प्युटर लागला नाही.

एकेका लग्नाला एक चौकोन. नवरा, नवरी, त्यांचे पाद्रीबाबा, आणि खाली साक्षीदार. आणि ज्याला सही येत नाही त्यानं फुली मारायची! चौकोनागणिक फुल्या. मी इतकी हसले. म्हणजे साहेबाच्या गावातसुद्धा माझ्यासारख्या होत्या तर.

एक मात्र फुली नव्हती. तिरपी रेघ, वर बारीक डोळा, डोळ्यातून निघालेला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला एवढीशी गाठ. सुई!

"कोण गं ही?"

"विटनेस आहे. हॅना प्रायर, हिज... सॉरी, हर मार्क. बहुतेक शिवणकाम करत असेल."

मी तिचं नाव हन्नाबाई ठेवलं.

११ नोव्हेंबर

हन्नाबाई परत भेटली. दर दोन-चार पानांआड असतेच. गावात असतं असं एक माणूस, आमंत्रण असो नसो, मांडवात आधी हजर. नमी इंग्रजी वाचायच्या आत मी बोट ठेवते, "ती बघ!"

आज नमी म्हणाली, "आजी, एक विचित्र आहे. ही पहिल्यांदा दिसली तेव्हा सतराशे सत्तर होतं. आता मी अठराशे चाळीसला आले. अजून आहेच."

"मग नात असेल तिची. माझंच नाव माझ्या आजीचं आहे."

"आणि खूण? ती गाठ बघ. सेम टू सेम."

"आजीनं शिकवली असेल. तू नाही का मला सही शिकवत?"

नमीला पटलं की नाही कोण जाणे. केसांचा अंबाडा घालून परत कामाला लागली. मी इथं पानाच्या कडेला हन्नाबाईची सुई काढून बघितली. माझ्या नावापेक्षा छान आली. हात अजिबात कापला नाही.

१५ नोव्हेंबर

अक्षता रंगवल्या. कुंकवात तांदूळ, थोडं तूप. पहिलं आमंत्रण देवाला, मग यांच्या फोटोला, मग सोसायटीत. सगळं झालं आणि मुठीत थोड्या राहिल्या. मागच्या खोलीत गेले तर नमीच्या पडद्यावर हन्नाबाई. रोजची ओळख, आणि तिलाच वगळायचं? बरं दिसतं का ते?

कॉम्प्युटरवर अक्षता वाहिल्या. "हन्नाबाई, आमच्या नमीचं लग्न आहे हं तीस तारखेला. सहकुटुंब यायचं. कुटुंब नसेल तर एकट्या या, पण नक्की या. तुमच्याशिवाय कार्य व्हायचं नाही."

जया मागून ओरडली, "अहो आई! त्या बटणांत तांदूळ गेले तर पन्नास हजारांचा चुराडा!"

नमी पोट धरधरून हसली. मला जवळ घेऊन म्हणाली, "आजी, यू आर टू मच."

दुपारी पडले होते तेव्हा मागच्या खोलीतून आवाज आला. टच्. शिवताना दोरा दातानं तोडतात ना, तसा. नमीच्या ब्लाउजचं काही असेल म्हणून उठून बघितलं. खोलीत कोणी नव्हतं, नमी पार्लरला गेली होती.

२१ नोव्हेंबर

नमीनं आज मला शेजारी बसू दिलं नाही. खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. लग्नाची वही संपली, आता त्याच गावच्या मयतांची आली आहे. त्यात तिला लग्नातल्याच नवऱ्या दिसायला लागल्या.

"ज्यांच्या लग्नात हॅनाची खूण आहे ना आजी, त्या सगळ्या वर्षाच्या आत गेल्यात. जिथं नुसत्या फुल्या आहेत, त्या नॉर्मल. म्हाताऱ्या होऊन गेल्या."

"अगं, तेव्हा बाळंतपणात जायच्याच बायका. माझी थोरली आत्या तशीच गेली."

"सगळ्या बाळंतपणात नाही. खूपजणींच्या पुढे एवढंच लिहिलंय, खंगून."

"आणि हन्नाबाई कधी गेली?"

नमीनं कॉम्प्युटर बंद केला. मग म्हणाली, "तिचं नावच नाही. पूर्ण वही पालथी घातली."

"लेकीकडे गेली असेल दुसऱ्या गावी."

नमी हसली, पण ओठांनीच. "आजी, अक्षता परत घेता येतात का गं?"

"वेडी का काय! आमंत्रण परत घेतं का कोणी?" मी तिच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. लग्न जवळ आलं की पोरींना असंच काहीबाही सुचतं. मला तर यांच्या मिशीची भीती वाटली होती.

१ डिसेंबर

झालं लग्न! हात दुखतोय, तरी आज सगळं लिहिणार.

नमी काय दिसत होती. मुंडावळ्या, हिरवा चुडा, आणि अंतरपाटाआडून माझ्याकडे बघून डोळा मारते कार्टी. योगेश कोपऱ्यात जाऊन रडला, वर म्हणतो धूप डोळ्यांत गेला. जेवण उभ्यानं घ्यायचं होतं, पण आम्हां म्हाताऱ्यांसाठी एक टेबल लावून पानं वाढली. जिलबी उत्तम. मसालेभातात काजू कमी.

माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिथंही पान वाढलेलं. वाढपी मठ्ठा घेऊन आला आणि वाकून मला विचारतो, "आजी, या बाजूच्या आजींचा उपास आहे का? काहीच घेत नाहीत. नुसत्या नवरीकडे बघत बसल्यात."

मी वळून बघितलं. खुर्चीच होती. पण मला समजलं. अंगावर असा काटा आला, आनंदाचाच म्हणायचा. इतक्या लांबून आली बाई. शब्द पाळला. मी पानातली एक जिलबी हळूच तिच्या पानात सरकवली.

मग पाठवणी. आमच्याकडे नवरीबरोबर पाठराखीण जाते. माहेरची एखादी बाई, नवरीला नवख्या घरी एकटं वाटू नये म्हणून दोन-तीन दिवस राहते. मीच जाणार होते, पण गुडघा भोपळ्याएवढा सुजला. जया म्हणाली, "आई, आता कोण पाठवतं पाठराखीण? कर्वेनगर काय लांब आहे? रिक्षात बसेपर्यंत येतं." मला पटेना. नमीची पाठराखीण नाही म्हणजे काय? गाडीचं दार लावताना मी कानाशी बोलल्यासारखं म्हटलं, "हन्नाबाई, तुम्ही जा माझ्याऐवजी. पोरीला सोडू नका."

गाडीत मागे नमी आणि अभिनव दोघंच होते. तरी नमी अगदी दाराला चिकटून बसली होती, मधे कोणाला जागा करून दिल्यासारखी.

५ डिसेंबर

आज नोंदणीचं ऑफिस. मी इरकल नेसले. सकाळपासून दुर्गाबाई, दुर्गाबाई असं पानभर लिहून ठेवलं होतं. साक्षीदार तिघं, मी शेवटची. पेन घेतलं, देवाचं नाव घेतलं आणि सही केली.

टेबलामागचा माणूस चष्म्यावरून बघत म्हणाला, "आजी, रुखवत मांडून झालं असेल तर सही करता का?"

बघते तर सुई! डोळा, दोरा, गाठ, सगळं. माझ्याच हातानं काढलेली. मी म्हटलं चुकले, दुसरा कागद द्या. तो म्हणाला, "कागद झाडाला लागत नाहीत. ही निशाणी म्हणून धरतो, खाली नाव हे लिहितील." योगेशनं खाली लिहिलं, दुर्गाबाईंची निशाणी.

सवयीनं झालं असणार. महिनाभर कडेला काढत होते ना. पण नमीनं तो कागद बघितला आणि तिचा चेहरा चुन्यासारखा झाला. पोरगी शिकवून शिकवून दमली आणि मी ऐन वेळी अशी. फार वाईट वाटलं. घरी येऊन जेवले नाही.

१५ जानेवारी

कालची नमीची पहिली संक्रांत. काळी साडी, हलव्याचे दागिने. विहीणबाई माणूस चांगल्या, कौतुकानं सगळं केलं. पण ब्लाउज नमीच्या अंगावर लोंबत होता. नोव्हेंबरातच मापाचा शिवलेला.

मला आत नेऊन तिनं कपाट उघडलं. "आजी, हे बघ." पंजाबी ड्रेस, उशीचे अभ्रे, अभिनवच्या शर्टाच्या बाह्या. जिथं काही उसवलेलं नाही तिथं बारीक पांढरे टाके. प्रत्येकाच्या शेवटी गाठ.

"तुझ्या सासूबाई हौशी दिसतात."

"त्यांना बटण लावता येत नाही, आजी."

इतकं सुबक काम मी आयुष्यात बघितलं नाही. टाका मोत्यासारखा. तसं म्हणायलाही गेले, पण नमी रडत होती.

८ फेब्रुवारी

नमीला तापही नाही, काही नाही, आणि उठवत नाही. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं चांगलं आहे म्हणतात. काम सुटलं. अभिनव रजा घेऊन उशाशी बसून असतो, पोराची दाढी वाढली आहे. जया देवाला तेल घालते आणि दारामागे रडते.

आज मी जाऊन बसले होते. नमी माझा हात धरून म्हणाली, "पायाशी बसते आजी. दिवसभर शिवते. मी डोळे उघडले की हात थांबवते आणि बघते. रागानं नाही गं. वाट बघितल्यासारखी."

मला आजवर त्या बाईचा आनंदच वाटत आला. आज पहिल्यांदा भीती वाटली. मीच अक्षता दिल्या. मीच पोरीबरोबर पाठवलं. कोणाला सांगू? योगेशला सांगितलं तर मलाच डॉक्टरकडे नेईल.

१२ फेब्रुवारी

सुचलं! कपाट आवरताना माझी जुनी साडी हाताला लागली, मोरपंखी. मी नणंदेची पाठराखीण होऊन गेले होते तेव्हा तिच्या सासरच्यांनी दिलेली. आणि डोक्यात लख्ख झालं. पाठराखीण आपणहून उठत नाही. सासरच्यांनी साडी-चोळी द्यायची, ओटी भरायची, आणि माहेरच्या माणसानं जाऊन तिला घेऊन यायचं. तोवर ती बसणारच. जाणार कुठं?

हन्नाबाईला काय दिलं आम्ही? विहीणबाईंचा तरी काय दोष, त्यांना पाठराखीण आली आहे हेच ठाऊक नाही. आणि त्या इंग्लंडच्या खेड्यात तर काय, लग्नाला नेलं, खूण करून घेतली, आणि मग कोणी "या आता" म्हटलंच नसेल. बिचारी बसून बसून थकायची आणि निघताना सोबतीला पोरीलाच घेऊन जायची.

उद्याच जाते. मोरपंखी साडी तशी नव्यासारखी आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

गुडघा गेला खड्ड्यात, रिक्षा करून एकटी गेले. विहीणबाईंना म्हटलं, "कारण विचारू नका. ही साडी तुमच्या हातानं नमीच्या पायाशी त्या खुर्चीवर ठेवा आणि म्हणा, तुमचा मान राहिला होता, माफ करा." त्या गडबडल्या. पण एकदा नमीकडे बघितलं आणि मुकाट्यानं पदर घेतला डोक्यावर. कुंकू लावावं की नाही कळेना, किरिस्ताव बाई. नारळ-तांदळावर भागवलं.

खोलीत इतकी थंडी होती, पंखा बंद असून. साडीची घडी हळूच दबली, वर कोणी हात ठेवल्यासारखी.

मी म्हटलं, "चला हन्नाबाई. मी माहेरची, तुम्हाला न्यायला आले. पोरीचं घर आता तिचं तिला सांभाळू दे. आमच्याकडे राहा, मलाही दुपारी बोलायला कोणी नसतं. आणि परत जाताना सोबत लागली तर मी आहे की. तुमचं गाव बघायचं राहिलंच आहे."

नमीनं डोळे उघडले. "आजी, काय बोललीस तू? असं नको बोलूस."

"झोप तू," म्हटलं.

रिक्षात मी कडेला सरकून बसले. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं, मग आरसाच वर फिरवून टाकला. सुटे पैसेही परत दिले, कधी नव्हे ते.

१९ मार्च, पाडवा

गुढी उभारली. नमी आणि अभिनव जेवायला आले होते. नमीनं श्रीखंड वाटी चाटूनपुसून खाल्लं! गालांवर रंग आलाय. दोन आठवड्यांत उठून बसली, डॉक्टर म्हणाले औषध लागू पडलं. पडू दे की. कामही परत सुरू केलंय. त्या खेड्याच्या वह्या संपल्या, आता दुसरं गाव आलंय, तिथं नुसत्या फुल्या आहेत म्हणाली. एकही सुई नाही.

माझ्या बांगड्या सैल झाल्यात. जया म्हणते, "आई, तुम्ही जेवत नाही नीट." जेवते की. उन्हाळा आहे. आणि आता दुपार छान जाते. मागची खोली मीच घेतली आहे. मी पलंगावर, ती पायाशी. मी लोणारचं सांगते, आत्याचं, यांच्या मिशीचं. ती बोलत नाही, पण ऐकते मन लावून. इतकं कोणी ऐकलं नव्हतं माझं.

नमी जाताना खोलीच्या दारातच उभी राहिली. आत आली नाही. पायाशी बघत राहिली, मग धावत येऊन मला मिठी मारली, सोडेचना. म्हटलं, अगं, कर्वेनगरला तर चाललीस.

१९ एप्रिल, अक्षय तृतीया

गोड बातमी! नमीला दिवस गेलेत. नोव्हेंबरात बाळ. विहीणबाईंचा फोन आला, जयानं साखर वाटली, योगेशच्या डोळ्यांत परत धूप गेला. मी पणजी होणार!

यांच्या नावानं घागर भरली, आंबा ठेवला. हन्नाबाईला विचारलं, तुमच्यात कोणाच्या नावानं भरायची? तिनं नुसतं बघितलं माझ्याकडे.

तिनं शिवायला घेतलंय काही दिवसांपासून. पांढरं शुभ्र, मऊ. मी म्हटलं, बाळाचं दुपटं वाटतं? आज पूर्ण होत आलं. लांबी बघायला माझ्या अंगावर पसरलं, अगदी गळ्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत आलं, जराही कमी नाही, जराही जास्त नाही. बाळाला एवढं मोठं कशाला लागतंय? पण काम असं, की बघत राहावं.

शेवटची गाठ तेवढी राहिली आहे. मी म्हटलं, "हन्नाबाई, मी येणार म्हटलंय ना, मग येणार. पण बाळ बघू द्या. पाचवी होऊ द्या. मग मारा गाठ."

तिनं बराच वेळ विचार केला. मग सुई कापडात टोचून ठेवली. दोरा दातांत धरून बसली आहे.